मेंढीकोटचा गेम बनवलाय, आयफोनसाठी पण काढू का फक्त अँड्रॉइड?

भुसावळ_जंक्शन :

राम राम मंडळी. मी भुसावळचा, दिवसा एका ऑफिसात अकाउंटचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि रात्री जेवणं झाली की गेम बनवत बसतो. गेम म्हणजे फार मोठं काही नाही, मेंढीकोट, म्हणजे चौघांचा पत्त्यांचा डाव, दश्श्या पकडायच्या, त्यांनाच मेंढ्या म्हणतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या घरी ओसरीवर डाव बसतो, पोरीबाळी झोक्यावर आणि माणसं पत्त्यांवर, ते बघताना डोक्यात आलं की मोबाईलवर रमी आहे, लुडो आहे, पण आपल्या पद्धतीचा आणि मराठीत बोलणारा मेंढीकोट मला तरी धड सापडला नाही. दीड वर्ष गेलं त्यात. गोडो नावाच्या गेम बनवायच्या इंजिनमध्ये केलाय. बंद हुकूम (पान आधीच झाकून ठेवायचं) आणि कट हुकूम (रंग नसला की पडेल तो हुकूम) दोन्ही आहेत, नेट नसलं तर बाकीचे तिघं कॉम्प्युटरच खेळतो. पैसे लावायची सोय नाही, करणारही नाही.

आता अडकलोय ते असं. अँड्रॉइडचं खातं २५ डॉलरमध्ये एकदाच, ते भरून टाकलं. आयफोनला दरवर्षी ९९ डॉलर, म्हणजे साडेआठ-नऊ हजार धरा, वरून मॅक पाहिजे कारण आयफोनचं ॲप बांधायचं ॲपलचं सॉफ्टवेअर, एक्सकोड, दुसऱ्या कशावर चालत नाही, जुना मॅक मिनी घ्यायचा तरी पंचवीस-तीस हजार मोडले. पुण्याचा मित्र म्हणतो अँड्रॉइडवर गेम टाकून कोणी श्रीमंत झालं नाही, पैसे देणारे लोक आयफोनवर असतात. घरी बायको म्हणते आधी कूलर घे. गेम फुकट ठेवून जाहिराती लावायचा विचार आहे, पण पत्त्याच्या गेमला जाहिरातीचं कितपत येतं ते कळत नाही. ज्यांनी स्वतः एकट्याने गेम टाकलेत त्यांनी सांगा ना. आणि आमच्या खानदानात आयफोन एकच आहे, दाजींचा.

शहाद्याचा_रिपेअरवाला :

भाऊ मी कोडिंगवाला नाही, माझं शहाद्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान, पण तुमचा गेम ज्या फोनवर चालणार ते फोन रोज माझ्या टेबलावर उघडे पडलेले असतात म्हणून बोलतो. आयफोन माझ्याकडे महिन्यात दोन-तीन आले तर आले. बाकी सगळे अँड्रॉइड, त्यात निम्मे दोन-तीन जीबी रॅमचे आणि बत्तीस जीबी स्टोरेजचे, आणि त्या बत्तीसमध्ये गुड मॉर्निंगचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ आणि भजनं ठासून भरलेली. गिऱ्हाईक येतं, म्हणतं फोन हँग होतो, मी म्हणतो काहीतरी काढा, तर लिस्टमध्ये सगळ्यात वर जे मोठं ॲप दिसेल ते काढतात, काय आहे ते बघत पण नाहीत. म्हणून गेम हलका ठेवा. चाळीस एमबीच्या खाली असेल तर वाचेल.

दुसरं, हे कोणी सांगणार नाही. अर्ध्या फोनची काच एका कोपऱ्यातून तडकलेली असते आणि तिथला टच मेलेला असतो, लोक तसाच वापरतात, चारशे-पाचशे कोण घालवणार. तुम्ही पान टाकायचं बटण खाली उजव्या कोपऱ्यात ठेवलं तर त्यांचा डाव तिथेच संपला. पानं मधे घ्या, मोठी घ्या. आणि बदाम-चौकटचा लाल रंग भर उन्हात शेताच्या बांधावर दिसतो का ते एकदा दुपारी बारा वाजता बाहेर उभं राहून बघा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये लुडो किंग होता, सासूच्या पण, सुनेच्या पण, कारण तो कसल्याही डब्यावर चालायचा.

जुना_जावावाला :

भो, रिपेअरवाल्या भाऊंनी अर्धं काम करून टाकलं, उरलेलं मी बोलतो. मी जळगावचा, एकटाच काम करतो, मोबाईल गेम बनवायला लागलो तेव्हा आयफोन जन्मालाच यायचा होता. नोकियाच्या साध्या कलर फोनवर जावा गेम, सगळी फाइल ६४ केबीत बसवायची. ६४ केबी! आता व्हॉट्सॲपवर येणारा केळीच्या घडाचा एक फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतो. त्यात स्क्रीन कुणाचा १२८ बाय १२८, कुणाचा १७६ बाय २०८, आणि स्क्रीनखालच्या डाव्या बटणाचा कोडमधला नंबर नोकियावर उणे सहा तर मोटोरोलावर उणे एकवीस, म्हणजे एकच गेम दहा वेळा बांधायचा. विकायचा कुठे, तर मोबाईल ऑपरेटरच्या पोर्टलवर, आणि तो ऑपरेटर स्वतःचा मोठा वाटा कापून उरलेलं कधी द्यायचा ते त्यालाच ठाऊक. माझे एकाकडचे शेवटचे पैसे अजून यायचेत, आता ती कंपनीच राहिली नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे प्लॅटफॉर्मवर जीव लावून मी दोनदा तोंडावर आपटलोय. जावानंतर नोकियाच्या स्मार्टफोनची सिस्टीम सिंबियन शिकलो, दोन वर्षं घातली, तोवर २०११ च्या फेब्रुवारीत नोकियानेच विंडोज फोन धरला. मी म्हटलं एवढी मोठी कंपनी आहे, बरोबरच असणार, लुमिया ५२० घेतला, त्याची सी शार्प भाषा शिकलो, टाइल्स बघून खूश झालो. अजूनही सांगतो, दिसायला तो सगळ्यात देखणा फोन होता. पण २०२० उजाडता उजाडता विंडोजच्या मोबाईलचा सपोर्टही संपला. कोणाला दोष देत नाही, अंदाज माझाच चुकला. मग २०१७ ला जिओफोन आला, त्याचा स्क्रीन परत २४० बाय ३२०, मी जुन्या हार्डडिस्कवरची चित्रं काढून त्याच्यात टाकली आणि ती चालली की राव, बारा वर्षांनी.

आता तुझा हिशोब. तू ९९ डॉलर मोजतोयस, पण खर्च तो नाही. खर्च आहे दरवर्षीच्या डागडुजीचा. गुगल प्लेवर दरवर्षी ३१ ऑगस्टपर्यंत टार्गेट लेव्हल (ॲप कोणत्या अँड्रॉइडसाठी बांधलंय ते) वाढवावी लागते, २०२५ ला अँड्रॉइड १५ ची होती, म्हणजे लोक पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात आणि मी कोड रंगवत बसतो. त्यात १ नोव्हेंबर २०२५ पासून सोळा केबी मेमरी पेजचा, म्हणजे मेमरी सोळा-सोळा केबीच्या तुकड्यांत वापरता येण्याचा नियम आला, इंजिन जुनं असेल तर अपडेटच चढत नाही. तिकडे ॲपलचं उन्हाळ्यात, २४ एप्रिल २०२५ पासून एक्सकोड १६ किंवा त्याच्या पुढच्यानेच बांधलेलं घ्यायला लागले, आणि नवा एक्सकोड चालायला मॅक पण फार जुना चालत नाही. गेममध्ये एक ओळ बदलायची नसली तरी हे करायचंच. एका माणसाला नोकरी सांभाळून एक दुकान जमतं. दोन दुकानं उघडलीस की गेम बाजूला राहतो आणि तू नुसता कागदपत्रं भरणारा होतोस. माझं म्हणणं, अँड्रॉइडवर टाक, दोन आखाज्या जाऊ दे, मग बघ.

आणि ॲप साइन करायची चावी, म्हणजे ॲप आपलंच आहे हे पटवणारी फाइल, जपून ठेव. २०१४ च्या मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसवर, लाईट येते-जाते, एका झटक्यात हार्डडिस्क गेली, तिच्यात चावी. बॅकअप नाही. तेव्हा चावी गेली म्हणजे त्या ॲपला अपडेट देणं कायमचं बंद. नव्या नावाने पुन्हा टाकावा लागला, चार वर्षांचे रिव्ह्यू मागे राहिले. आता प्लेवर नव्या ॲपची मुख्य चावी गुगलकडेच असते आणि आपल्याकडची अपलोडची चावी हरवली तर बदलून मिळते, तरी पण एक पेनड्राइव्ह आईच्या कपाटात सोन्याच्या डबीत ठेवलाय. घरात तेवढी एकच वस्तू अशी आहे की तिला कोणी हात लावत नाही.

गोडो ३ आहे का ४? तीन असेल तर मराठी अक्षरांचं काय केलंस?

भुसावळ_जंक्शन :

दादा ४ आहे. अक्षरांवरूनच तर इथे आलो. आधी युनिटी नावाच्या दुसऱ्या इंजिनात सुरू केला होता, तिथल्या टेक्स्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची. चार रंगांतले दोन इस्पिक आणि किलवर, दोन्हीत वेलांटी, म्हणजे अर्धा कॅट वाचताच येईना. वडिलांना दाखवलं तर म्हणे हे कोणत्या भाषेत आहे. मग अक्षरांची चित्रं करून चिकटवली, कंटाळलो. त्यात सप्टेंबर २०२३ ला त्यांनी प्रत्येक इन्स्टॉलमागे फी लावायचं जाहीर केलं, वर्षभराने मागे घेतलं म्हणा, आणि माझ्यासारख्या लहानाला ती लागलीही नसती, पण तोवर मी सामान हलवलं होतं. गोडो ४ मध्ये वेलांटी पहिल्या दिवशी जागेवर. साइज सध्या अठ्ठेचाळीस एमबी, रिपेअरवाले भाऊ, उतरवतो. कोपऱ्याचं बटण आजच हलवलं.

धुळेकर_हिंजवडीत :

जावावाले काका, आदर ठेवून बोलतो पण पटलं नाही. मी धुळ्याचा, आता हिंजवडीत, नोकरीत आयफोनचंच काम करतो आणि शनिवार-रविवार स्वतःचे दोन छोटे पझल गेम सांभाळतो, दोन्ही फक्त आयफोनवर. कारण साधं आहे, अँड्रॉइडवर आत यायला स्वस्त आणि राहायला महाग. शेकडो मॉडेल, प्रत्येक कंपनीने वरून आपला मसाला टाकलेला, कोणाचा बॅटरी सेव्हर ॲप मारून टाकतो, कोणाच्या फोनवर कॅमेऱ्याच्या भोकाखाली स्कोअर जातो. मी तीन आयफोनवर तपासतो आणि झोपतो. आणि लोक नवीन आयओएस लगेच घेतात, त्यामुळे मागच्या आठ-दहा वर्षांचं ओझं वाहावं लागत नाही.

मॅक विकत घ्यायचीच गरज नाही, क्लाऊडवर भाड्याने मिळतो, बिल्ड, म्हणजे ॲपची तयार फाइल काढायची, वर चढवायची, बंद करायचा. शिवाय टेस्टफ्लाइटवर, म्हणजे ॲपलच्या चाचणीच्या सोयीवर, दहा हजार लोकांपर्यंत बाहेरचे टेस्टर घेता येतात आणि किमान किती पाहिजेत अशी अट नाही. तुमच्या प्लेवर काय आहे? १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर आधी २० टेस्टर सलग १४ दिवस, डिसेंबर २०२४ ला ते १२ केले. बारा माणसं चौदा दिवस टिकवणं म्हणजे गणपतीची वर्गणी गोळा करण्यापेक्षा अवघड काम आहे. फ्लॅपी बर्ड आठवतो ना? व्हिएतनामच्या एकट्या माणसाचा गेम, मे २०१३ ला आयफोनवर आला, अँड्रॉइडवर जानेवारी २०१४ ला, म्हणजे नाव झालं ते आयफोनवरच.

आणि खान्देशची माणसं फक्त खान्देशात आहेत का? पुण्यात, सुरतेत, दुबईत, अमेरिकेत, आखाजीला ज्यांना घरी जाता येत नाही तेच हा गेम ४९ रुपये देऊन घेतील. पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत दोन्ही दुकानं १५ टक्केच घेतात, ॲपलचं जानेवारी २०२१ पासून, गुगलचं त्याच वर्षी जुलैपासून, तेव्हा तीस टक्क्याचं रडगाणं आपल्यासाठी नाहीच.

जुना_जावावाला :

काका म्हणालास, बरं. फ्लॅपी बर्डचं अर्धंच सांगितलंस. तो आयफोनवर सात-आठ महिने कोणाच्या खिजगणतीत नव्हता, मग एकदम उसळला आणि २०१४ च्या फेब्रुवारीत बनवणाऱ्यानेच तो काढून टाकला. त्याच्यावरून कोणतं दुकान चांगलं ते ठरत नाही, पाऊस कोणत्या शेतावर पडला तेवढंच कळतं.

बाकी तुझं खरं आहे, आयफोनवर तपासायला सोपं, आणि माणूस पैसे देतो हे पण मान्य. पण तुझे गेम पझल आहेत, एकटा माणूस खेळतो. मेंढीकोटला चार लागतात. दुबईतला आयफोनवाला घेईल, पण त्याला खेळायचं असतं सावद्याच्या काकाशी, आणि काकाकडे तीन जीबीचा अँड्रॉइड. काका नसेल तर तो कॉम्प्युटरशी दोन डाव खेळून काढून टाकेल. म्हणून आधी काका. आणि १५ टक्के वगैरे सगळं गेम किंवा गेमच्या आत काही विकलंस तर, जाहिरातीच्या पैशातून दुकान कमिशन कापत नाही, तिथला हिस्सा जाहिरातवाल्याकडे आधीच वळता झालेला असतो.

प्रतापची_माजी :

अमळनेरहून. माझे लहान मुलांचे दोन मराठी गेम आहेत प्लेवर, पाढे आणि बाराखडी. वरच्या दोघांचं भांडण चालू दे, मी तीन गोष्टी सांगते ज्या मला कोणी आधी सांगितल्या नव्हत्या.

वैयक्तिक खात्यावरून कमाई करायची असेल तर प्लेच्या पानावर तुमचा पूर्ण पत्ता लोकांना दिसतो. मला हे अपलोड करताना रात्री साडेअकराला कळलं, घरात चर्चा होऊन दोन दिवस थांबलं. शेवटी मिस्टरांच्या दुकानाचा पत्ता, तिथलं वीजबिल वगैरे लावून. ते आधीच ठरवा, कारण कागदावरचा पत्ता आणि भरलेला पत्ता जुळला पाहिजे.

ॲडमॉबचे, म्हणजे गुगलच्या जाहिरातींचे पैसे १०० डॉलर झाल्याशिवाय निघत नाहीत, आणि त्याच्या आधी १० डॉलरला पोस्टाने एक कागद येतो, त्यात सहा आकडी पिन. साधा पांढरा कागद, वर काही विशेष नाही. आमच्या सासऱ्यांनी कर्जाची जाहिरात समजून तो रद्दीत घातला आणि रद्दीवाला घेऊनही गेला! दुसरा मागवला, त्याला अजून तीन आठवडे. पोस्टमनला सांगून ठेवा. १०० डॉलर व्हायला मला पहिल्या वेळेस अकरा महिने लागले, हे पण सांगते, म्हणजे नोकरी सोडायचे विचार येणार नाहीत. माझ्याकडे तर मुलांच्या गेममुळे जाहिराती कमीच लावता येतात, तुमचं थोडं बरं असेल. आपल्याकडे एका जाहिरातीमागे बाहेरच्या मानाने फार कमी पडतं.

जाहिरात हात संपल्यावर लावू नका, डाव संपल्यावर लावा. आणि कंटेंट रेटिंगचा फॉर्म नीट भरा, तिथे जुगाराबद्दल विचारतात. पैसे नाहीत, बोली नाही, बक्षीस नाही, असं असेल तर स्पष्ट तसंच लिहा. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, त्यामुळे पत्ते दिसले की लोक दचकतात, माझ्या भावाने पण विचारलं हे चालतं का म्हणून. पैसे नसलेला चालतो, पण स्टोअरच्या वर्णनात पहिल्याच ओळीत लिहा आणि चित्रात नाणी किंवा चिप्स काही दाखवू नका.

यावलचा_पत्तेबाज :

मी बाकी काही वाचलं नाही, मले एवढंच सांगा की दोन-दोन मेंढ्या झाल्या तर काय करता गेममध्ये?

भुसावळ_जंक्शन :

भाऊ, दोन-दोन मेंढ्या झाल्या तर ज्याचे हात सात किंवा जास्त तो जिंकला. चारही मेंढ्या आल्या तर कोट, आणि तेराच्या तेरा हात आले तर बावनपानी.

यावलचा_पत्तेबाज :

आमच्याकडे दोन-दोन झाल्या की डाव फुकट, परत पिसायचे. सात हाताचं कोणी मोजत नाही, कोणाले आठवतं किती हात झाले. हे सेटिंगमध्ये टाक नाहीतर यावल-रावेरवाले शिव्या घालतील. आणि कॉम्प्युटर भिडू कसा खेळतो ते सांग, मी एक गेम टाकला होता मागे, त्यात मी एक्क्याने हात घेऊन बसलो तरी भिडू स्वतःजवळची दश्शी दाबून ठेवायचा आणि पुढच्या हातात समोरच्याले फुकट देऊन टाकायचा. अरे माझा हात पक्का आहे तर मेंढी चढव ना माझ्यावर. असा भिडू खरा असता तर त्याले ओसरीवरून उठवला असता. आयफोन का अँड्रॉइड ते नंतर पाहा बापा, भिडूले अक्कल दे पहिले.

धुळेकर_हिंजवडीत :

हा मुद्दा मात्र एक नंबर. काका, मी माघार घेतो, अर्धी. आधी अँड्रॉइड, पण भुसावळकर, गोडोमध्ये आहे तर आयफोनची बिल्ड निघते का तेवढं एकदा तपासून ठेव, माझ्या मॅकवर काढून देतो, पैसे नको, आलास तर शेवभाजी आण धुळ्याची, इथे हिरवट रस्सा करून विकतात आणि तीच खान्देशी म्हणतात.

शहाद्याचा_रिपेअरवाला :

टेस्टर पाहिजेत ना बारा? दुकानात मी, माझा पोऱ्या आणि समोरचा चहावाला, तिघं धरा. तिघांचे तीन कंपन्यांचे फोन आहेत, एकाचा कोपरा मेलेला आहे, मुद्दाम सांगतो. चौदा दिवस काढून टाकणार नाही, चहावाल्याला मी बघतो.

भुसावळ_जंक्शन :

सगळ्यांचे आभार, मॅक रद्द, कूलर घेतला, बायकोला धागा वाचून दाखवला नाही फक्त निकाल सांगितला. दोन-दोनचा नियम सेटिंगमध्ये टाकला, नाव ठेवलंय ‘यावल पद्धत’. भिडूचं काल रात्री दोनपर्यंत बघितलं. चूक अशी होती की आपल्या जोडीदाराचं पान सगळ्यात वरचं आहे का ते तो बघायचा, पण मागून खेळायच्या माणसाकडे हुकूम उरलाय का ते मोजायचाच नाही, म्हणून घाबरून मेंढी दाबून ठेवायचा. आता पडलेले हुकूम लक्षात ठेवतो. मी त्याच्याशी दहा डाव खेळलो, दोन कोट खाल्ले.

टेस्टरची यादी : शहाद्याचे तीन, अमळनेरच्या ताई आणि त्यांचे सासरे (त्यांनी स्वतःहून सांगितलंय म्हणे), जावावाले दादा, माझे वडील, ऑफिसातले दोन. नऊ झाले. दाजी आयफोनमुळे बाद. यावलकर भाऊ, तुमचा ईमेल मेसेजमध्ये टाका.

यावलचा_पत्तेबाज :

टाकला. मन्ही माय बी खेयस, तिचा बी लिही. तिला बंद हुकूमच लागतो, कट हुकूम म्हटलं की ती पानं फेकते.

भुसावळ_जंक्शन :

अकरा. अजून एक कोणी आहे का, नंदुरबारकडचा असेल तर बरं, मराठी-अहिराणीचं बटण पण तपासून होईल.